नगरपरिषदेचं अंदाजपत्रक: वसुलीचा भरवसा नसताना गावाचा खर्च कसा ठरवायचा?

दरवर्षी फेब्रुवारीत आपल्या गावात एक बातमी येते. ‘नगरपरिषदेचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, कोणतीही करवाढ नाही.’ खाली कोट्यवधींचे आकडे आणि रस्ते, गटारं, बगीचा, शादीखाना, उर्दू शाळेची दुरुस्ती अशी कामांची लांब यादी असते. मोहल्ल्यात चर्चा होते, यंदा आपली गल्ली होणार. मग पावसाळा जातो, दिवाळी जाते. कोणी नगरसेवकाला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘चाचा, मंजूर आहे हो, पण निधी नाही.’

मंजूर आहे आणि निधी नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं? त्यात नेहमीच कोणाची लबाडी असते असं नाही. बहुतेक वेळा मूळ गडबड अंदाजपत्रक बनवतानाच झालेली असते. जमेच्या बाजूला जे पैसे येतील असं लिहिलं, ते आलेच नाहीत. खर्चाची यादी मात्र त्याच आकड्यावर बांधलेली होती. म्हणून या लेखात आम्ही महाराष्ट्रातल्या छोट्या शहराचा पैसा कुठून येतो, तो इतका बेभरवशाचा का असतो, अशा वेळी अंदाजपत्रक कसं बांधायला हवं आणि आपण सामान्य कुटुंबांनी ते कसं वाचायचं, हे एका जागी मांडतो आहोत.

यंदा हे समजून घेण्याला आणखी एक कारण आहे. राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि नंतर कित्येक वर्षं तिथे प्रशासकाचा कारभार होता. २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला झालं आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. म्हणजे अनेक गावांत लोकांनी निवडून दिलेली माणसं बऱ्याच वर्षांनी अंदाजपत्रकाच्या सभेत बसली. त्यातले कित्येक जण पहिल्यांदाच निवडून आलेत. त्यांना आणि त्यांना निवडून देणाऱ्यांना, दोघांनाही हा हिशोब माहीत असायला हवा.

आधी चौकट समजून घेऊ

छोट्या शहरांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने चालतो. लोकसंख्या एक लाखाहून जास्त असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर ‘ब’ वर्ग आणि चाळीस हजारांपर्यंत ‘क’ वर्ग नगरपरिषद. १९९३ साली लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत जागा मिळाली. कामांची यादी मोठी झाली, पण कमाईची साधनं त्या मानाने वाढली नाहीत. छोट्या शहराची खरी अडचण इथूनच सुरू होते.

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मुख्याधिकारी आणि लेखा विभाग अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करतात, तो स्थायी समितीपुढे जातो आणि मग विशेष सर्वसाधारण सभेत मंजूर होतो. एप्रिलपासूनचा खर्च त्यावर चालतो. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे असतील तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

पैसा कुठून येतो?

ढोबळ मानाने पैशाचे तीन झरे आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे.

पहिला झरा गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. यात सगळ्यात मोठी घरपट्टी, म्हणजे मालमत्ता कर. मग पाणीपट्टी, नगरपरिषदेच्या गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची फी, बांधकाम परवानगीचं शुल्क, दाखल्यांची फी. गावात जमीन-घराची खरेदी-विक्री झाली की मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का अधिभार घेतला जातो, तोही नंतर सरकारकडून नगरपरिषदेला मिळतो.

घरपट्टीच्या बिलाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या बिलावरचा सगळा पैसा नगरपरिषदेचा नसतो. शिक्षण कर आणि दुकान-कारखान्यांवरचा रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे कर आहेत. नगरपरिषद ते फक्त गोळा करून सरकारकडे भरते. म्हणून बिलाच्या बेरजेवरून गावाची कमाई मोजू नये.

दुसरा झरा राज्य सरकारच्या सहायक अनुदानाचा. आपल्या घरातल्या बुजुर्गांना जकात नाका आठवत असेल. कित्येक गावांत रिक्षावाले आजही त्या जागेला जकात नाकाच म्हणतात. गावात माल आला की नाक्यावर पैसे भरायचे आणि ते रोजच्या रोज नगरपालिकेच्या तिजोरीत जायचे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारने अनुदान द्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांची कटकट गेली हे खरं. पण जो पैसा गावात रोज जमत होता, तो आता मुंबईहून यायची वाट बघावी लागते. बहुतेक छोट्या नगरपरिषदांचे पगार याच अनुदानावर चालतात. ते एक महिना लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबतो, आणि तो लांबला की त्याचा वास सगळ्या गावाला येतो.

तिसरा झरा योजनांचा. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, अमृत, स्वच्छ भारत, दलित वस्ती सुधार योजना, अल्पसंख्याकबहुल वस्त्यांसाठीची राज्याची क्षेत्र विकासाची योजना, केंद्राचा प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम. हा पैसा दिसायला मोठा असतो, पण तो बांधलेला असतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी १५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना जो निधी ठरवला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेच्याच कामांसाठी होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, पण तोही पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाही. शिवाय अटी होत्या: लेखापरीक्षण झालेले हिशोब सगळ्यांना बघता यावेत, मालमत्ता कराची वसुली वाढावी. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. म्हणजे मागच्या पाच वर्षांत जेवढं आलं तेवढंच पुढेही येईल, असं गृहीत धरून कोणीही नवं अंदाजपत्रक बांधू नये.

बऱ्याच योजनांत नगरपरिषदेला स्वतःचाही हिस्सा घालावा लागतो. खिशात तो हिस्सा नसेल तर मंजूर झालेली योजनाही अडकते.

उत्पन्न बेभरवशाचं का होतं?

पहिलं कारण थकबाकी. या वर्षीची घरपट्टी आणि मागची थकबाकी मिळून जी रक्कम होते तिला ‘मागणी’ म्हणतात. प्रत्यक्ष हातात आलेली ती ‘वसुली’. वर्षानुवर्षं न भरलेली रक्कम मागणीत तशीच पुढे येत राहते. ती फुगत जाते, कारण उशिरा भरणाऱ्यांवर दरमहा दोन टक्के शास्ती बसते. वर्षाला चोवीस टक्के! पाच-सहा वर्षांत शास्ती मूळ करापेक्षा जास्त होते आणि मग माणूस भरायचा विचारच सोडून देतो. कागदावर मात्र ती रक्कम येणं म्हणून उभी असते.

दुसरं कारण माफीची आशा. सरकार अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना काढतं. अडचणीत सापडलेल्या घरांना त्याने खरंच दिलासा मिळतो. पण वरचेवर माफी मिळाली की वेळेवर भरणारा स्वतःला येडा समजायला लागतो आणि बाकीचे पुढच्या माफीची वाट बघत बसतात.

तिसरं कारण आकारणी. कायद्याने दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हायला हवी. ती लांबली की नव्या इमारती, वाढवलेले मजले, घराची झालेली दुकानं जुन्याच दराने राहतात. मग एकदम फेरआकारणी होते, बिलं दुप्पट-तिप्पट येतात, मोर्चे निघतात, स्थगिती मिळते. त्या वर्षीची वसुली कोलमडते.

चौथं कारण गावाबाहेरचं. पाऊस नीट झाला नाही, कापूस-सोयाबीनला भाव मिळाला नाही, यंत्रमाग बंद पडले, तर आधी किराणा भरला जातो, घरपट्टी नंतर. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या वेळी हेच झालं. दुकानंच बंद होती तर गाळ्याचं भाडं येणार कुठून?

पाचवं कारण वेळ. बिलं उशिरा वाटली जातात, वसुलीची मोहीम जानेवारीत सुरू होते, मार्चमध्ये भोंगे लावून, नळ तोडून पैसा गोळा होतो. खर्च मात्र एप्रिलपासूनच सुरू असतो. एप्रिल-मेमध्ये टँकर, जूनच्या आत नालेसफाई, शाळा उघडायच्या आधी गळकी छपरं. पैसा मार्चमध्ये, गरज मे महिन्यात. मधले दहा महिने नगरपरिषद उधारीवर ढकलते आणि ठेकेदारांची देणी थकतात.

एक उदाहरण मांडून बघू

आता हे आकड्यांत बघू. खालचं गाव आम्ही समजण्यासाठी मांडलेलं आहे, कोणत्याही खऱ्या नगरपरिषदेचे हे आकडे नाहीत. समजा ३२ हजार वस्तीचं ‘क’ वर्गातलं गाव आहे. घरपट्टीची एकूण मागणी ३ कोटी. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष वसुली अनुक्रमे १ कोटी ५५ लाख, १ कोटी ७० लाख आणि १ कोटी ४५ लाख.

अंदाजपत्रकात स्वतःच्या उत्पन्नाची बाजू अशी लिहिली जाते:

- घरपट्टी: २ कोटी ७० लाख
- पाणीपट्टी: ८५ लाख
- गाळे भाडे व बाजार फी: ५० लाख
- बांधकाम परवानगी व इतर शुल्क: ४० लाख
- मुद्रांक शुल्काचा हिस्सा: ३० लाख
- एकूण: ४ कोटी ७५ लाख

आता मागच्या तीन वर्षांत प्रत्येक बाबीत जी सगळ्यात कमी रक्कम आली, ती धरू:

- घरपट्टी: १ कोटी ४५ लाख
- पाणीपट्टी: ५० लाख
- गाळे भाडे व बाजार फी: ३५ लाख
- बांधकाम परवानगी व इतर शुल्क: २० लाख
- मुद्रांक शुल्काचा हिस्सा: १५ लाख
- एकूण: २ कोटी ६५ लाख

दोन बेरजांत फरक किती? २ कोटी १० लाख. म्हणजे दोन कोटींहून जास्त रकमेची कामं अशा पैशावर मंजूर झाली, जो बहुधा येणारच नाही.

पुढे खर्च बघा. पगार आणि निवृत्तिवेतन ४ कोटी १० लाख. सहायक अनुदान वर्षाला ३ कोटी ६० लाख. वरचे ५० लाख स्वतःच्या उत्पन्नातून घालायचे. पाणीपुरवठ्याचं वीजबिल ८० लाख, कचरा उचलण्याचा ठेका ७० लाख, पथदिव्यांचं बिल २५ लाख. हे सगळं न टाळता येणारं. बेरीज २ कोटी २५ लाख. २ कोटी ६५ लाखांतून ते वजा केलं की राहिले ४० लाख.

त्यातही सरकारी नियमाप्रमाणे स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी आणि पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. सोयीसाठी सरसकट २ कोटी ६५ लाखांवर धरलं तर दोन्ही मिळून साडेसव्वीस लाख. आता हातात राहिले साडेतेरा लाख. सगळ्या गावाची गटारं, रस्त्यांचे खड्डे, शाळांची दुरुस्ती, कब्रस्तान आणि स्मशानभूमीची देखभाल या साडेतेरा लाखांत!

अंदाजपत्रक ‘शिलकी’ असतं ते असं. कागदावर शिल्लक, गल्लीत टंचाई.

मग अंदाजपत्रक बांधायचं कसं?

उत्पन्नाचा भरवसा नसेल तर आकडा फुगवून तो भरवसा येत नाही. आपल्या घरात अब्बांची मजुरी कधी मिळते, कधी नाही, तेव्हा अम्मी काय करते? आधी आटा, तेल, शाळेची फी बाजूला काढते, ईदचे कपडे पैसे हातात आल्यावर. गावाचाही हिशोब तसाच लावता येतो. त्याच्या पायऱ्या अशा:

१. वसुलीवर बांधा, मागणीवर नाही. प्रत्येक बाबीसाठी मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा समोर ठेवा. नवा अंदाज त्यापेक्षा बराच जास्त असेल तर कारण लिहून द्या. नवीन आकारणी झाली, वसुलीला माणसं वाढवली, असं काहीतरी ठोस हवं.

२. जमेचे तीन थर करा. पहिला थर पक्क्या पैशाचा, म्हणजे तीन वर्षांतली सगळ्यात कमी जमा. दुसरा थर सरासरीपर्यंतचा. तिसरा थर आशेचा: जुनी थकबाकी, अभय योजनेतून येणारी रक्कम, मंजुरीच्या वाटेवरचं अनुदान.

३. खर्चालाही तेच थर लावा. पगार, पाणी, सफाई, दिवे आणि कायद्याने राखीव निधी पहिल्या थरातून. दुरुस्त्या आणि चालू कामं दुसऱ्या थरातून. सुशोभीकरण, कमानी, नवीन सभागृह तिसऱ्या थरातून, तेही पैसे जमा झाल्यावरच. कार्यादेश द्यायच्या आधी पैसे आलेत का बघायचं.

४. मागची देणी आधी लिहा. ठेकेदारांची थकलेली देयकं, वीजबिलाची थकबाकी, निवृत्त कर्मचाऱ्यांचे राहिलेले पैसे. ही देणी लपवली तर नव्या वर्षाचा पहिला पैसा तिकडेच जातो आणि नवं काम रखडतं.

५. महिन्यावार तक्ता करा. कोणत्या महिन्यात किती येणार, किती जाणार. बिलं एप्रिल-मेमध्ये वाटली, लवकर भरणाऱ्याला थोडी सूट दिली, हप्त्याने भरायची सोय केली, तर मार्चची गर्दी कमी होते आणि उन्हाळ्यात हातात पैसा असतो.

६. थोडी गंगाजळी बाजूला ठेवा. अनुदान दोन महिने लांबलं तरी पंप आणि घंटागाडी थांबू नये एवढी तरी.

७. सप्टेंबरनंतर एकदा थांबून मोजा. सहा महिन्यांत किती आलं ते सभेपुढे ठेवा आणि अंदाज सुधारा. मार्चमध्ये कळून काही उपयोग नसतो.

कात्री कुठे लागणार, हे आधी ठरवा

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पैसा कमी पडला की काहीतरी कापावं लागतंच. पण काय कापायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर वर्षाच्या मध्ये ते दालनात बसून ठरतं. तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वाचतं. मागे राहते ती टोकाची वस्ती, उर्दू शाळेतल्या मुलींचं शौचालय, कब्रस्तानच्या रस्त्यावरचा दिवा, दलित वस्तीची गटार. हे सगळीकडे मुद्दाम होतं असं आम्ही म्हणत नाही. पण नियम नसला की कमजोर माणूस आपोआप रांगेच्या शेवटी जातो.

म्हणून अंदाजपत्रक मंजूर करतानाच कामांचा क्रम लावून घ्यावा आणि त्याची कसोटी लिहून ठेवावी. आरोग्याला धोका असलेलं काम आधी. मुलांच्या वापरातलं काम आधी. अर्धवट राहिलेलं काम नव्या कामाच्या आधी. मागच्या पाच वर्षांत ज्या प्रभागात कमी खर्च झाला, तो आधी. मग कात्री खालून वर लागते आणि कोणाच्या वशिल्याने लागत नाही.

अल्पसंख्याकबहुल भागासाठीच्या योजनांबद्दलही एक सांगावंसं वाटतं. त्या योजना नेहमीच्या खर्चाला जोड म्हणून आहेत. ‘तुमच्या भागासाठी वेगळी योजना आहे ना, मग इथून कशाला मागता?’ असं उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका. गटार साफ करणं, कचरा उचलणं, दिवा लावणं हे आपल्याच घरपट्टीतून व्हायला हवं, बाकीच्या गावाचं होतं तसंच.

आपल्याकडून काय?

आता थोडं आपल्या घरात बघू. हक्क मागताना आपली बाजू साफ असली की बोलताना जोर येतो.

पहिली गोष्ट, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे? आपल्या मोहल्ल्यांत हा नेहमीचा घोळ. बिल दादांच्या नावावर, दादा वारून तीस वर्षं झाली, घरात चार भावांचे चार चुलीचे संसार. बिल आलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा भरेल. शास्ती चढत जाते, आणि पुढे वाटणी, विक्री किंवा बँकेचं कर्ज काढायची वेळ आली की सगळं अंगावर येतं. वारसांची नावं लावून घ्या. बहिणींचीही, त्यांचा हिस्सा आहे. हिस्से वेगळे झाले असतील तर आकारणीही वेगळी करून मागा.

दुसरी, आकारणीची नोटीस आली की ती फ्रिजवर ठेवून विसरू नका. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि घराचं वय बरोबर लिहिलंय का बघा. कौलारू घराला स्लॅबचा दर लागला असेल, राहत्या खोलीला दुकान लिहिलं असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत गेल्यावर नुसती बोंब मारून फारसं काही होत नाही.

तिसरी, मशिदी, दर्गे आणि त्यांच्या ट्रस्टबद्दल. निव्वळ इबादतीची जागा आणि तिच्या आवारातली भाड्याने दिलेली दुकानं यांत फरक असतो. सवलत प्रार्थनास्थळाला, भाडं कमावणाऱ्या गाळ्यांना नाही. मुतवल्ली आणि कमिटीने दोन्हींची वेगळी नोंद आणि वेगळी पावती ठेवावी. उद्या प्रश्न आला तर कागद हातात हवा.

चौथी, ज्यांना खरंच भरणं जमत नाही त्यांनी गप्प बसू नये. विधवा बाई असो, आजारी घर असो, काम सुटलेला मजूर असो, हप्ते मागावेत. मोहल्ला कमिट्यांनी मार्चमध्ये एखादा रविवार ठेवून लोकांची बिलं तपासून द्यावीत, ऑनलाइन भरायला मदत करावी. याला फारसा खर्च येत नाही.

आणि ‘तुमच्या भागातून वसुलीच होत नाही’ असं कोणी म्हटलं तर चिडण्याऐवजी प्रभागनिहाय वसुलीचा तक्ता मागा. सोबत मोठ्या थकबाकीदारांची यादीही. त्यात अनेकदा बंद पडलेल्या गिरण्या, वादातल्या जागा, मोबाईल टॉवर, सरकारी कार्यालयं सापडतात. मोबाईल टॉवरवर स्थानिक संस्थांना मालमत्ता कर लावता येतो, असा निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. दहा हजार घरांच्या मागे लागण्याआधी वरच्या पन्नास नावांकडे बघितलं तरी बराच फरक पडू शकतो.

अंदाजपत्रक हातात आलं की काय बघायचं?

नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर ते बघा. नसेल तर लेखा विभागाकडे मागा. तेही जमलं नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. जाड पुस्तक बघून घाबरू नका. प्रत्येक ओळीपुढे साधारण हे रकाने असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, चालू वर्षात काही महिन्यांत प्रत्यक्ष किती झालं, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज.

फक्त घरपट्टीची ओळ घ्या. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती आले आणि पुढच्या वर्षी किती धरलेत, एवढंच बघा. फरक मोठा असेल तर खर्चाच्या यादीवर तेवढाच संशय धरा. मग आपल्या प्रभागाचं काम शोधा. ते कोणत्या निधीतून धरलंय? स्वनिधी, वित्त आयोग की एखादी योजना? योजनेतलं असेल तर प्रस्ताव गेलाय की मंजुरी आलीय, तेही विचारा. शेवटी दिव्यांग आणि महिला-बालकल्याणाच्या ओळी बघा. मागच्या वर्षी धरलेल्या रकमेतून खरोखर किती खर्च झाला? बऱ्याच वेळा खरी गोष्ट तिथेच कळते.

नगरसेवकाला ‘आमचं काम घ्या’ एवढंच सांगून परत येऊ नका. त्यांना तीन प्रश्न विचारा: आमचं काम जमेच्या कोणत्या थरात बसतं? पैसा कमी पडला तर ते यादीत कितव्या नंबरवर कापलं जाईल? आणि सप्टेंबरनंतरचा हिशोब सभेपुढे कधी येणार?

हे प्रश्न दर प्रभागातून चार-चार घरांनी विचारले, तरी पुढच्या फेब्रुवारीत लेखा विभागाला आकडे फुगवताना दहा वेळा विचार करावा लागेल. करवाढ नाही, शिलकी अंदाजपत्रक, ही बातमी ऐकायला गोड लागते. पण आम्हाला विचाराल तर आकडा लहान असला तरी चालेल, तो खरा असावा. पाच कामं लिहून पाचही झाली, तर लोक पुढच्या वर्षीची घरपट्टी जास्त खुशीने भरतील. पन्नास लिहून दोनच झाली, तर मार्चमध्ये भोंगा कितीही जोरात वाजवला तरी दार उघडणारे कमीच होत जातील.